मिस्तरीचा पत्र्याचा माणूस

रडताना माणसाचं आधी काय हलतं, हनुवटी की नाकपुड्या, असा प्रश्न मला आजवर एकाच माणसानं विचारला आहे. तोही सकाळी सात वाजता, जिनिंगच्या फाटकात, हजेरी चालू असताना. भोंगा होऊन गेला होता, मागे कामगारांची रांग खोळंबली होती, आणि मिस्तरी कानावर पेन्सिल खोचून उत्तराची वाट पाहत उभे होते. मी बावीस वर्षांचा होतो. अमरावतीहून येऊन वणीच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये टाइमकीपर म्हणून नुकताच चिकटलो होतो. कोण हजर, कोण गैरहजर, हे मस्टरवर लिहायचं एवढंच माझं काम. काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हणालो, "डोळे."

"डोये त सगळ्यायच्या मांगून येते बाबूजी," ते म्हणाले, आणि माझ्याबद्दल त्यांची जी काही अपेक्षा होती ती तिथल्या तिथे थोडी खाली आली.

मिस्तरी म्हणजे आमच्या जिनिंगचे फिटर. उंच, वाळकुडे, खाकी अर्ध्या चड्डीतले. खिशात तेलाची लहानशी कुपी कायम असायची. लग्नाला गेले तरी असायची. कुणाच्या घरी दार करकरलं की हे परवानगी न विचारता बिजागरीत तेल सोडून मोकळे. बाजाराजवळ एक म्हातारी राहायची. सून केव्हा बाहेर जाते आणि केव्हा येते हे तिला दाराच्या करकरीवरून कळायचं. मिस्तरींनी ते दार मुकं करून टाकलं. म्हातारीनं त्यानंतर वर्षभर त्यांना येता-जाता शिव्या दिल्या आणि सुनेनं दिवाळीला चकल्या पाठवल्या. दोन्हींचं कारण मिस्तरींना शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "आवाज करते म्हंजे त्याले दुखून राह्यलं. दुखत असन त तेल टाका. याच्यात भांडन कायचं?"

सरकी काढायच्या यंत्राला तिकडे रेचा म्हणतात. कुठला रेचा रुसला आहे, कुठला नुसता आळस करतो आहे, हे मिस्तरी त्याच्यावर तळहात ठेवून सांगत. माणसांचं मात्र त्यांना असं काही कळत नसे. ते तोंडावर पाहत राहत, आणि समोरचा अवघडून निघून जाई.

नागपूरहून इंजिन तपासायला एक साहेब येत असत. एकदा त्यांनी सुटे भाग एका इंग्रजी मासिकाच्या पानात गुंडाळून आणले. त्या पानावर यंत्राच्या माणसाचं चित्र होतं. मिस्तरींनी पान सरळ केलं, त्यावरचं तेल पुसलं आणि माझ्याकडे आणलं. मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर अर्थ लावला. हा माणसासारखा चालतो, हात हलवतो, पण त्याला भावना नाहीत.

"काहून नाही?"

"यंत्र आहे म्हणून."

"आपल्या बॉयलरले राग येते तो?"

बॉयलरला राग येतो हे सगळ्या जिनिंगला माहीत होतं. राजूरचा कोळसा ओला आला की तो दोन-दोन तास कुणाचं ऐकत नसे. मिस्तरींनी पानाची घडी घालून कुपीच्या खिशात ठेवली. "चालते त बैलबंडी बी," ते म्हणाले. "चालन्यात काय हाये. आधी त्याले समजलं पाहिजे."

जिनिंग हंगामी. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू होत, उन्हाळा तापला की रेचे बंद. मग बहुतेकांना घरी बसावं लागे, मिस्तरींनाही. त्या रिकाम्या महिन्यांत त्यांनी आपल्या घरामागच्या पडवीत तो पत्र्याचा माणूस उभा केला. अंग घासलेटच्या डब्यांचं. हातापायांत सायकलच्या चेन. तोंडाला रेच्याच्या रुळावरून उतरलेलं जुनं चामडं, म्हणून रंग अगदी आपल्यातला. डोळे म्हणजे सोड्याच्या बाटलीतल्या गोट्या. पोटात लाकडाचा एक रूळ बसवायचा, त्यावर खिळे ठोकलेले, पाठीमागे हँडल. हँडल फिरवलं की रूळ फिरे, एकेक खिळा एकेक तार ओढी, आणि त्याप्रमाणे भुवई चढे, जबडा पडे, हात उठे. प्रत्येक भावनेचा रूळ वेगळा. रागाचा रूळ तयार झाला त्या दिवशी मिस्तरी मला येऊन सांगून गेले, "राग शिकला." पोरगं पाढे शिकलं म्हणून बाप सांगतो तसं.

राग शिकवायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. त्यांच्या घरचं माणूस त्या बाबतीत समर्थ होतं. बाई तोंडानं फटकळ, हातानं भरभर कामाची. मी एकदा गेलो तर ती चुलीपुढे बसली होती आणि मिस्तरी तिच्या कपाळाशी फूटपट्टी धरून.

"पाहा बाबूजी," ती मला म्हणाली, "लगनाले अकरा वर्स झाले, ह्या मानसानं माह्या तोंडाकडं कधी पाह्यलं नाही. आता रोज म्हनते, अजून एकडाव चिड, माप घेऊन राह्यलो."

"हलू नको," मिस्तरी म्हणाले. मग ती खरोखर चिडली आणि माप बरोबर आलं.

रडणं अवघड गेलं. डोळ्यांतून पाणी काढणं सोपं, त्याला एक डबा आणि एक नळी पुरते. पण त्याआधीचं काय? मिस्तरी त्यासाठी मयतींना जाऊ लागले. ओळखीचा असो नसो, खांदा देत, आणि रडणाऱ्यांच्या समोर जाऊन उभे राहत. दोन ठिकाणी मार खाता खाता वाचले. शेवटी त्यांना वाट सापडली ती बंजाऱ्यांच्या तांड्यावर. तिथं लग्नात नवरी सासरी निघते तेव्हा घरच्यांच्या गळ्यात पडून सुरात रडते. रडण्याला चाल असते, ओळी असतात, ठरलेल्या जागी हुंदका असतो. मिस्तरी तिथून परत आले ते बोटांवर ताल मोजतच. "तालात हाये बाबूजी. ताल हाये त खिळे ठोकता येते." त्यानंतरच्या आठवड्यात पत्र्याचा माणूस रडला. इतका रीतसर रडला की शेजारच्या दोन बाया काम टाकून धावत आल्या.

हसण्याला मात्र त्यानं दाद दिली नाही. भाता लावून आवाज काढला तर बकरी ओरडल्यासारखा आला. जिनिंगमधल्या बाया तो ऐकायला मुद्दाम येत आणि पोट धरून हसत. मिस्तरींना अपमान वाटला नाही. ते बायांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हसनं एकट्याले जमतच नाही. ह्याच्यात ह्याची चूक नाही." आणि त्यांनी नियम केला की समोर कुणी हसलं तरच हसण्याच्या रुळाचं हँडल फिरवायचं. हा नियम मला आजही शहाणपणाचा वाटतो. कुणीही हसत नसताना हसणाऱ्या साहेबांच्या हाताखाली मी पुढे बरीच वर्षं नोकरी केली.

लोक त्याला पत्र्या म्हणत. मिस्तरींना ते खपत नसे. एकदा मी विचारलं, "मग नाव काय ठेवलंत?"

"म्या कायले ठेवू? त्याचं तो ठेवन. समजलं का सांगन."

"तोवर काय म्हणायचं?"

"हा म्हना. मान्साले हा म्हनतेच का नाही."

ह्या नावाच्या बाबतीत ते असे का होते, ते मला माहीत होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा मस्टरवर त्यांचं जुनं नाव होतं. पोर जगावं, दृष्ट लागू नये म्हणून आजीनं ठेवलेलं, उकिरड्यावरच्या वस्तूचं. ते मी इथं लिहीत नाही, त्यांना चाललं नसतं. छप्पन साली दसऱ्याला मिस्तरी नागपूरला गेले, दीक्षा घेतली आणि नवं नाव घेऊन आले. त्याच हंगामात, माझ्या पहिल्या हजेरीला मी जुनं नाव पुकारलं. मिस्तरी माझ्यासमोर हातभर अंतरावर उभे. काही बोलेनात.

"हे कुठं आहेत?" मी विचारलं.

"ते नागपूरले गेलते. वापसच नाही आले."

"मग तुम्ही?"

"मी त्यायच्या जागी आलो."

तीन दिवस हे असंच चाललं. ते रोज येत, रोज काम करत, आणि मस्टरवर रोज गैरहजर पडत. त्याचं त्यांना काही वाटत नसे, घाम मला फुटे. चौथ्या दिवशी मी मॅनेजरला न विचारता जुनं नाव खोडलं आणि नवं लिहिलं. मिस्तरींनी वाकून त्यावर फुंकर घातली. "वाळू द्या बाबूजी," म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत रांगेला थांबवून ठेवलं.

आता शेठजींबद्दल सांगायला हवं. आमचे शेठजी मनानं वाईट नव्हते, पण चांगली दिसेल ती वस्तू आणून फाटकाशी उभी करायची त्यांना हौस होती. आधी मोराचा पिंजरा आणला, मग कारंजं. मोर ओरडून ओरडून मेला, कारंजं पहिल्याच उन्हाळ्यात आटलं. फाटक रिकामं पडलेलं असताना त्यांच्या कानावर पत्र्याच्या माणसाची गोष्ट गेली. कापसाच्या गठाणी बांधायचा नवा प्रेस येणार होता आणि त्याच्या उद्घाटनाला मुंबईचे मोठे पाहुणे यायचे होते.

शेठजींनी मिस्तरींना माझ्यासमोरच बोलावलं. "मिस्तरी, तुमचा आदमी फाटकावर उभा करा. पाहुणे मोटारीतून उतरले की हात जोडेल, कमरेतून असा झुकेल, मग हार घालेल. जमलं तर तुम्हाला बारमाही करतो. आणि कंपाउंडातली ती नळाची पक्की खोली तुमची."

बारमाही काम म्हणजे काय, हे हंगामी माणसालाच विचारावं. जिनिंग बंद झालं की बाई राजूरला चुन्याचे दगड फोडायला जायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा भुवयांसकट पांढरी असायची. त्या खोलीचा नळ तिनं कितीदा तरी जाता-येता सोडून पाहिला होता, हे मी फाटकातून पाहिलं होतं.

मिस्तरी म्हणाले, "हात जोडन. हार घालन. वाकनार नाही."

शेठजींना वाटलं, यंत्राची काही अडचण असेल. मला म्हणाले, "बाबू, तुम समझाओ."

मी समजवायला गेलो. मिस्तरींनी मला पहिल्यांदा तोल सांगितला. डोकं जड आहे, वाकला तर तोंडावर पडेल. मी दोन दिवस विचार करून गेलो आणि म्हणालो, पायात शिसं भरू. मग त्यांनी चेन सांगितली, कमरेच्या ताणाला टिकणार नाही. मी दुप्पट जाडीची चेन शोधून काढली. मग त्यांनी तारांचा गुंता सांगितला. माझ्या यंत्रज्ञानाचा मला फार अभिमान वाटू लागला होता, इतक्यात बाई आतून बाहेर आली.

"लाव ना एक बिजागरी," ती नवऱ्याला म्हणाली. "लोखंडाचं वाकलं त आपलं काय वाकते?"

मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला. पाना खाली ठेवून बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बाबूजी, मले वाकनं कोनं शिकोलं? कोनीच नाही. बाप गावचं काम करे. पाटलाच्या पायरीखाली उभा राहे, जोहार म्हने आन् कमरेतून वाके. मी त्याच्या बाजूले. तीन वर्साचा असन. बाप वाकला का मी बी वाको. मले वाटे हा खेळ हाये. कोनी सांगतलं नाही, का तू बी वाक. पाहून पाहून आलं. आता जयभीम म्हनतो, तरी कोनी मोठा मानूस समोर आला का कंबर पहिले हलते, मंग मले समजते. चार वर्स झाले, अजून हलते. ह्याले म्या दाखोलंच नाही, त ह्याले कसं येईन? एक त असा राहू द्या."

बाई आत गेली. मीही उठलो. शेठजींना जाऊन सांगितलं की जमत नाही. का जमत नाही, ते सांगितलं नाही. सांगण्याचं धैर्य नव्हतं असं नाही, शेठजींना ते कोणत्या शब्दांत सांगावं हेच मला सुचलं नाही. ते हसले आणि म्हणाले, "मिस्तरीला जमत नाही तर सुताराला जमेल."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पत्र्याचा माणूस जिनिंगच्या गोदामात आणून ठेवला होता. गोदामाची चावी माझ्याकडे असे. दुपारी मिस्तरी बॉयलरवर असताना सुतार आला आणि त्यानं चावी मागितली. कशाला, ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. मी चावी दिली. त्या वेळी मनाशी म्हणालो की बारमाही काम आहे, नळ आहे, बाईचे चुन्याचे दगड सुटतील, मिस्तरी आठ दिवस रुसतील आणि विसरतील. माझी स्वतःची नोकरीही अजून कायम झाली नव्हती. हे मी तेव्हा मनाशी म्हणालो नाही, पण ते होतं.

दुसऱ्या दिवशी फाटकाला आंब्याची तोरणं, रांगोळी, सगळं झालं. पत्र्याच्या माणसाला शेठजींनी फेटा बांधवला होता आणि कमरेला जरीचा शेला. तो बिजागरी झाकण्यासाठी होता, पण मिस्तरींना वाटलं शोभेसाठी आहे. मोटार आली. पाहुणे उतरले. मिस्तरी मागे उभे राहून हँडल फिरवू लागले. हात जुळले, मान हलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मिस्तरींचा चेहरा बदलला. हँडल एका जागी जड लागलं होतं, आणि त्या जागी खिळा नव्हता. त्यांनी ठोकलेला तरी नव्हता. शेल्याखाली काहीतरी करकरलं आणि पत्र्याचा माणूस कमरेतून पुढे झुकू लागला.

त्यांनी हँडल सोडलं नाही. उजव्या हातानं ते फिरवतच राहिले आणि डाव्या हातानं त्याला मागून छातीशी कवळलं. तो पुढे ओढी, हे मागे ओढत. आतून चेन कण्हत होती. दोघंही थरथरत होते, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावं की दोन मित्र एकमेकांना सावरत उभे आहेत. मग आत कुठंतरी तार तुटल्याचा आवाज झाला आणि पत्र्याचा माणूस ताठ झाला. हाताचा खिळा आला, हात उठला, हार पाहुण्यांच्या गळ्यात पडण्याऐवजी खांद्यावर पडला. पाहुणे विलायती वळणाचे होते. ते मोठ्यानं हसले आणि त्यांनी पुढे होऊन पत्र्याच्या हाताशी शेकहँड केला. समोर कुणी हसलं होतं, पण हसण्याचा रूळ त्या दिवशी घातलेला नव्हता.

मोटार आत जाईपर्यंत मिस्तरींनी तो हात काढला नाही. काढला तेव्हा पत्र्याच्या कडेनं तळहात कापलेला होता. त्यांनी शेला सोडला, बिजागरी पाहिली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गोदामाची चावी कुणाकडे असते, हे त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती.

शेठजी रागावले नाहीत, पाहुणे खूष होते. पण नळाची खोली नव्या प्रेसबरोबर आलेल्या फिटरला गेली, आणि मिस्तरी हंगामीच राहिले. वर्षभरानं ते राजूरच्या खाणीवर वर्कशॉपात लागले, तिथं बारमाही. बाईचे दगड सुटले, नवऱ्याशी भांडण सुटलं नाही, असं मला पुढे कुणाकडून तरी कळलं. मला त्यांची आठवण येते ती मात्र उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीची.

बाजाराचा दिवस होता, जिनिंगला सुटी. मी त्यांच्या घरी गेलो. बाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सूप थोडं बाजूला घेतलं, आत जाण्यापुरतं. पडवीत पत्र्याचा माणूस भिंतीला टेकवून उभा होता, तोंड दाराकडे. बिजागरी काढून टाकली होती. मिस्तरी हाताला चिंधी बांधून जमिनीवर बसले होते आणि लोखंडाची एक पट्टी घासत होते, कमरेच्या सांध्यावर उभी ठोकायला.

"चावी मी दिली," मी म्हणालो.

"माहीत हाये."

तुमच्या भल्यासाठी, असं पुढे म्हणायचं मी येताना ठरवलं होतं. ते तोंडातून निघेना. मला भयंकर लाज वाटली. आमच्या घरी चूक झाली की वडील माणसापुढे वाकून पायाला हात लावायची रीत होती. दुसरी रीत मला ठाऊक नव्हती. मी वाकलो.

मिस्तरींनी पाय पोटाशी ओढून घेतले आणि चिंधी बांधलेला हात माझ्या खांद्याला लावून मला थांबवलं. रागानं नाही. एखाद्या रेच्यावर ठेवत तसा तो हात होता.

"सरळ उभे राहा बाबूजी," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याच्यासमोर नका वाकू. तो पाहून राह्यला."

मी वळून पाहिलं. गोट्यांचे डोळे खरंच माझ्याकडे होते. दारात तांदळाचा आवाज थांबला होता. मी सरळ उभा राहिलो, पण माफी मागायला आलेल्या माणसानं सरळ उभं राहून हातांचं काय करायचं असतं, हे मला कळेना. मिस्तरींनी ते पाहिलं. पट्टीचं एक टोक त्यांनी माझ्याकडे केलं.

"तिकडून धरा," ते म्हणाले. मी धरलं.